पॉइंट नऊचं कोडं

एमबीबीएस करताना ज्या थोड्या गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांत सीरम क्रिएटिनिन होतं. एक्स-रे वाचताना दोघांचं एकमत होईलच असं नाही, स्टेथोस्कोपमधून सरांना ऐकू येतं ते आम्हाला येतंच असं नाही. पण क्रिएटिनिन म्हणजे रोखठोक काम. वाढलं तर किडनी बिघडली, रेंजमध्ये असलं तर बरी आहे. परीक्षेतही तेवढ्यावर भागलं. मग मेडिसिनला पहिल्या वर्षाची रेसिडेंट म्हणून रुजू झाले, लिव्हरचे पेशंट जास्त असलेल्या युनिटमध्ये ड्यूटी लागली आणि या एका आकड्यानं माझी झोप उडवली. तशीही रेसिडेंटला झोप फारशी नसते, त्यामुळे हे नुकसान मोठं धरू नये.

सुरुवात झाली ती मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मावशींपासून. वय पन्नास. हिपॅटायटिस बीमुळं लिव्हर आकसलेलं, म्हणजे सिरोसिस. दारूच्या वाऱ्यालाही न उभी राहिलेली बाई. पण ‘लिव्हर गेलं’ म्हटल्यावर गावात लोक भलतंसलतं बोलतात, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. पोट तट्ट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, डोळे पिवळे. वजन ५४ किलो. बिलिरुबिन ६. आणि क्रिएटिनिन ०.९. शेजारी छापलेली नॉर्मल रेंज ०.६ ते १.३. त्या ओळीपुढं ना ‘एच’, ना तारा, ना ठळक अक्षर.

राउंडला आमच्या मॅडमनी फाइल घेतली, ०.९ वर पेन टेकवलं आणि मला विचारलं, ‘‘यावर किती विश्वास ठेवशील?’’

मला प्रश्नच कळला नाही. मशिननं दिलेला आकडा. विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं?

मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी मावशींचा दंड हातात धरला. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना सहज टेकलं. मावशी हात वर करायच्या तेव्हा हिरव्या बांगड्या मनगटावरून घरंगळत थेट कोपरापर्यंत जायच्या. कानशिलांपाशी खड्डे पडलेले. ‘‘क्रिएटिनिन इथून येतं,’’ दंड दाबत मॅडम म्हणाल्या, ‘‘आता सांग, इथं उरलंय काय?’’

मावशींना वाटलं, त्यांच्या अशक्तपणाबद्दल चाललंय. ‘‘जेवणच जाईना ओ ताई,’’ त्या म्हणाल्या. आणि त्यांनी नकळत दुसरं कारणही सांगून टाकलं.

रात्री पुस्तक उघडलं. क्रिएटिन नावाचा पदार्थ शरीरात बनायला लागतो तो किडनीत, त्याची शेवटची पायरी लिव्हरमध्ये पार पडते. तिथून तो स्नायूंत जाऊन साठतो. रोज त्यातला जेमतेम दोन टक्के भाग आपोआप क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो आणि किडनी तो गाळून बाहेर टाकते. थोडं क्रिएटिन मटण-मासळीतूनही मिळतं. आता मावशींचा हिशोब मांडा. लिव्हर आजारी, म्हणजे बनवणाराच थकलेला. स्नायू झडलेले, म्हणजे साठवायला जागा नाही. जेवण जात नाही. वर अंगात जास्तीचं पाणी, त्यात जे काही आहे तेही पातळ झालेलं. बाजार समितीत कांद्याचा साठा कमी दिसला म्हणून विक्री जोरात आहे असं कुणी म्हणत नाही. आधी आवक किती झाली ते विचारतात. आम्ही मात्र क्रिएटिनिनची आवक न विचारताच जावक चांगली असल्याचं सर्टिफिकेट देतो.

त्यांच्या समोरच्या खाटेवर कोल्हापूरकडच्या तालमीतला एक पोरगा डेंगीसाठी दाखल होता. त्याचं क्रिएटिनिन १.२. म्हणजे कागदावर मावशींपेक्षा त्याची किडनी वाईट. तो रोज सकाळी सलाइनचा स्टँड ढकलत व्हरांड्यात फेऱ्या मारायचा आणि त्याच्या किडनीची काळजी कुणालाही नव्हती, असण्याचं कारणही नव्हतं.

इथपर्यंत निदान तर्क तरी कळत होता. पुढचा धक्का बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बसला. रात्री सँपल द्यायला गेले होते. तिथले जुने टेक्निशियन काका गप्पिष्ट. मी सहज विचारलं, क्रिएटिनिन मोजतात कसं? मशिनमध्ये ट्यूब ठेवली की आकडा येतो, यापलीकडं मला माहीत नव्हतं. काकांनी दोन टेस्ट ट्यूब घेतल्या. दोन्हींत पिक्रिक अ‍ॅसिडचं पिवळंजर्द द्रावण आणि थोडा अल्कली. एकीत क्रिएटिनिनचं स्टँडर्ड टाकलं. मिनिटा-दोन मिनिटांत तिचा पिवळा रंग नारिंगीकडं झुकला. ‘‘जेवढं क्रिएटिनिन, तेवढा हा रंग चढणार. मशिन फक्त रंग बघतं.’’ ही पद्धत माक्स याफे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८६ साली सांगितलेल्या रंगबदलावर चालते. लोकमान्यांचा ‘केसरी’ तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि आपण आजही तोच रंग बघतोय.

मग काकांनी स्टँडमधली एक ट्यूब उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. काविळीच्या पेशंटचं सीरम. ते मुळातच गडद पिवळं. ‘‘आता यात रंग काय बघणार?’’ ते म्हणाले. अल्कलीत बिलिरुबिनचंही ऑक्सिडेशन होत राहतं आणि त्याचा रंग उतरत जातो. एकीकडं क्रिएटिनिनमुळं रंग चढतोय, दुसरीकडं बिलिरुबिनमुळं उतरतोय, आणि मशिनला दिसते ती दोन्हींची वजाबाकी. कावीळ जास्त असेल तर या पद्धतीत क्रिएटिनिन असतं त्याहून कमी दिसू शकतं. एन्झाइमवर आधारलेली पद्धत यापेक्षा बरी, पण महाग. काका हे सगळं इतक्या शांतपणे सांगत होते की मला त्यांचाच राग आला. पाच वर्षांत हे मला कुणी सांगितलं कसं नाही!

मग युरिया बघावं म्हटलं. केएफटीत, म्हणजे किडनीच्या नेहमीच्या तपासणीत, तेही असतंच. पण युरिया बनवतं कोण? लिव्हर. लिव्हर दमलं की युरिया कमी. पेशंटनं प्रोटीन खाल्लं नाही तरी कमी. आणि सिरोसिसमध्ये अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झाला, तर आतड्यात उतरलेलं रक्त पचून युरिया वाढतं, किडनी ठणठणीत असली तरी. तोही दरवाजा बंद.

सूत्रांकडं वळले. मोबाइलवर अ‍ॅप असतंच. वय, वजन, क्रिएटिनिन घाला, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते ते मिळतं. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातल्या दोघांचं १९७६चं सूत्र घेतलं: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाई असेल तर पुन्हा गुणिले ०.८५. मावशींसाठी उत्तर आलं ६४. हे सूत्र ज्यांच्यावरून बसवलं ते २४९ जण सगळे पुरुष होते, बाईचा ०.८५ मागाहून जोडलेला. हे वाचून पुन्हा एकदा पुस्तक मिटलं. २०२१चं नवं सीकेडी-ईपीआय सूत्र लावलं तर ७८. एककांतला फरक सोडून दिला तरी एकाच बाईच्या एकाच रक्तावरून दोन उत्तरं.

खरी मजा दुसऱ्या दिवशी. मावशींना श्वास लागत होता म्हणून टॅपिंग केलं, पोटातलं ८ लिटर पाणी काढलं. एवढं पाणी काढलं की दर लिटरमागं साधारण ८ ग्रॅम अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन शिरेतून द्यायचं असतं, नाहीतर रक्ताभिसरण कोलमडतं आणि किडनीवरच संकट येतं. ते दिलं. काट्यावर वजन भरलं ४६. मी पुन्हा कॉकक्रॉफ्टला विचारलं. उत्तर: ५४. म्हणजे सकाळी ६४ मिलिलिटर गाळणारी किडनी दुपारी ५४ वर आली, कारण मध्ये आम्ही दोन बादल्या पाणी बाहेर काढलं होतं! सूत्राला वाटतं वजन म्हणजे स्नायू. त्याला पोटातलं पाणी आणि दंडातलं मांस यांतला फरक कळत नाही. बरं, ४६ तरी खरं वजन कुठं होतं? पायांवर बोट दाबलं की खड्डा पडत होताच.

‘‘मग नेमकं मोजायचं कसं?’’ मी आमच्या सीनिअर रेसिडेंट सरांना विचारलं. ते हसले. नेमकं मोजायची पद्धत आहे: इन्युलिन. डेलियाच्या आणि चिकोरीच्या मुळांत सापडणारी एक साखरेच्या जातीची भुकटी. ती शिरेतून सोडत राहायची आणि लघवीत किती आली ते मोजायचं. संशोधनासाठी उत्तम, वॉर्डात कुणी करत नाही. डीटीपीए स्कॅन असतो, त्यात किरणोत्सारी औषध टोचून रक्तातून ते किती वेगानं कमी होतं ते बघतात. पण पोटात पाणी असेल तर औषध त्या पाण्यातही झिरपतं आणि मशिनला वाटतं किडनीनंच ते बाहेर टाकलं. २४ तासांची लघवी साठवून हिशोब करावा, तर किडनीच्या नलिका थोडं क्रिएटिनिन स्वतःहूनही बाहेर टाकतात, म्हणून उत्तर खऱ्याहून चांगलं येतं. शिवाय साठवायची कशी? कॅन खाटेखाली ठेवला, मावशींच्या जाऊबाईंना समजावलं. पहाटे त्यांनी मावशींना आधार देत बाथरूमला नेऊन आणलं आणि कौतुकानं सांगितलं, ‘‘डबा घाण हुईल म्हून तिकडंच न्हेलं.’’ त्यांना काय बोलणार!

सिस्टॅटिन सी नावाची एक तपासणी आहे. हे छोटं प्रथिन शरीरातल्या केंद्रक असलेल्या सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे दंड बारीक की जाड याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आमच्याकडं होत नसल्यानं बाहेर पाठवली. आकडा आला १.६, त्याच्या सूत्रात घातला तर किडनीची क्षमता ४०च्या आसपास. ७८, ६४, ५४, ४०. एकाच आठवड्यात, एकाच बाईचे. सिस्टॅटिनही धुतल्या तांदळाचं नाही. अंगात दाह, स्टेरॉइड, थायरॉइडचा आजार असला की तेही हलतं. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी २०१७ साली खास सिरोसिससाठी सूत्र मांडलं, त्यात सोडियम, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर, पोटात पाणी आहे की नाही हे सगळं धरलंय. म्हणजे हा घोळ माझ्या एकटीच्या डोक्यातला नव्हता, एवढं समाधान.

टॅपिंगनंतर दोन दिवसांनी मावशींचं क्रिएटिनिन आलं १.३. रिपोर्टवर अजूनही तारा नाही. रेंज १.३ पर्यंत होती ना! पण मॅडमचा चेहरा बदलला. ‘‘१.३ बघू नकोस. पॉइंट चार वाढलंय ते बघ.’’

हे मला फार उशिरा उमगलं असतं, त्यांनी बोट ठेवलं नसतं तर. सिरोसिसमध्ये किडनी बिघडली असं म्हणायला पूर्वी १.५ची रेघ होती. त्या रेघेपर्यंत जाईस्तोवर मावशींसारख्या पेशंटची निम्मीअधिक किडनी कामातून गेलेली असू शकते. २०१५ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ही रेघ पुसली आणि बदलावर बोट ठेवलं: ४८ तासांत ०.३ किंवा त्याहून जास्त वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट. ही नवी व्याख्या मला या सगळ्या गोंधळातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. आकडा खोटारडा असेल तर असू दे. तो आज कालच्यापेक्षा वेगळं खोटं बोलतोय का, एवढं विचारायचं.

पण वेगळं म्हणजे कशापेक्षा? मॅडम पहिल्या दिवसापासून एकच टुमणं लावून बसल्या होत्या: जुना रिपोर्ट आणा. मावशींचा मुलगा गावी जाऊन साड्यांच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत काय नव्हतं! आधार कार्डाच्या झेरॉक्स, देवळाचा अंगारा, सोनोग्राफीची काळी फिल्म, औषधांच्या पावत्या. तळाशी चार घड्या घातलेला तालुक्याच्या लॅबचा कागद, सव्वादोन महिन्यांपूर्वीचा. क्रिएटिनिन ०.५.

आमच्याकडं आल्या दिवशी ज्या ०.९ पुढं कुणी तारा छापला नव्हता, ते त्यांच्या स्वतःच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. दोन लॅब, दोन मशिनं, त्यामुळे थोडा फरक सोडून द्यावा. तरी एवढा सोडता येत नाही. मावशी वॉर्डात पाऊल टाकतानाच किडनी बिघडलेली घेऊन आल्या होत्या.

त्याच पिशवीत आणखी एक वस्तू होती: डायक्लोफेनॅकची अर्धी रिकामी स्ट्रिप. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलवाल्याकडून आणलेली. सिरोसिसमध्ये पोटातल्या रक्तवाहिन्या सैलावून रक्त तिकडं अडकतं. शरीराला वाटतं, रक्तच कमी पडलंय. मग किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं त्या कशाबशा उघड्या ठेवतात. अशा गोळ्या नेमकी तीच रसायनं बंद करतात.

मग पळापळ झाली. लघवीच्या गोळ्या थांबवल्या. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग नाही ना हे पुन्हा तपासलं. न्यूट्रोफिल २५० च्या खाली होते, म्हणजे संसर्ग नव्हता. सोनोग्राफीत किडनीचा आकार ठीक, कुठं अडथळा नाही. अल्ब्युमिन सुरू केलं, दिवसाला किलोमागं एक ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे मावशींना रोज दोन बाटल्या आणि वर थोडं. बाटली हजारांत जाते. रात्री अकरा वाजता सोशल वर्करला फोन करून ती मिळवणं हाही या तपासणीशास्त्राचा भाग आहे, फक्त पुस्तकात छापत नाहीत.

आणि सिस्टरांनी लघवीचं माप हातात घेतलं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या, जाऊबाईंना पुन्हा समजावलं, यावेळी दमात. अर्धा मिलिलिटर गुणिले ४६ किलो गुणिले सहा तास: १३८. सहा तासांत त्या रेघेच्या खाली राहिली तर मला उठवायचं, झोपले असले तरी. लघवीचं हे माप २०१५च्या व्याख्येतून वगळलं होतं, नंतर तज्ज्ञांनी ते परत घेतलं. सिस्टरांनी ते कधी सोडलंच नव्हतं.

त्या रात्री सरांनी हिपॅटोरीनल सिंड्रोमबद्दल सांगितलं, कारण अल्ब्युमिननं उतार पडला नसता तर पुढचा संशय तोच होता. १८६३ साली अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट यांनी लिहून ठेवलं होतं, की सिरोसिसनं गेलेल्या ज्या पेशंटांची लघवी शेवटी बंद झाली, त्यांच्या किडन्या शवविच्छेदनात मात्र चांगल्या दिसतात. १९६९ साली अशा पेशंटांच्या मृत्यूनंतर काढलेल्या किडन्या दुसऱ्यांना बसवल्या आणि त्या व्यवस्थित चालू लागल्या. किडनी धडधाकट, तिला चालू देणारं रक्त तेवढं पोचत नाही. अशांना टर्लिप्रेसिन देतात, पोटातल्या सैल रक्तवाहिन्या आवळायला. खरा उपाय लिव्हर बदलणं.

आणि तिथंही हेच क्रिएटिनिन आडवं येतं. प्रत्यारोपणाची निकड मोजायला मेल्ड नावाचा स्कोअर वापरतात. अमेरिकेत २००२ पासून लिव्हर वाटपाची रांग त्यावर लागते. त्यात सुरुवातीपासून बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन. बायकांचे स्नायू मुळात कमी, क्रिएटिनिन कमी, स्कोअर कमी, रांगेत मागं. हे ध्यानात येऊन सुधारलेला मेल्ड ३.० तिथं २०२३ साली लागू झाला. त्यात बाईला १.३३ गुण जास्त मिळतात. वीसेक वर्षं ही रांग बारीक दंडाच्या बायकांना मागं ढकलत होती, आणि भरपाई म्हणून सव्वा गुण. मला ती पुरेशी वाटत नाही, पण निदान कुणीतरी मोजलं.

मावशींची किडनी वळली. अल्ब्युमिनच्या दुसऱ्या दिवशी बाटलीतली पातळी १३८च्या रेघेवर गेली, क्रिएटिनिन १.३ वरून १.० आणि पुढं ०.७ वर उतरलं. लिव्हर होतं तसंच आहे. प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायची कागदपत्रं मुलगा गोळा करतोय. डिस्चार्ज कार्डावर मी ‘रीनल फंक्शन नॉर्मल’ लिहिलं नाही. लिहिलं: ‘पूर्वीचं क्रिएटिनिन ०.५, आत्ता ०.७, पुढच्या वेळी याच्याशी ताडून बघावं. वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत.’ मराठीतही लिहिलं, मुलाला वाचता यावं म्हणून.

तुमच्या घरात लिव्हरचा पेशंट असेल तर तीन कामं करा. गुडघा, कंबर, डोकं काहीही दुखलं तरी मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. सकाळी उठल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा आणि लघवी कमी वाटली तर दोन दिवस वाट बघत बसू नका. आणि जुने रिपोर्ट, अगदी तालुक्याच्या लॅबचा चार घड्यांचा कागदसुद्धा, रद्दीत घालू नका. दवाखान्यात येताना पिशवीसकट आणा.